राखणीला कोण बसतं?

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या दिवसांत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली या दोघांच्या जन्मतारखा जोडून शासनाने तो २०२०पासून सुरू केला. त्याआधी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह येऊन गेलेला असतो. प्रभातफेरी, चित्रकला स्पर्धा, ‘पक्षी वाचवा’च्या घोषणा असे सगळे त्यात असते आणि ते नसावे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण याच दिवसांत जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काय चाललेले असते ते पाहा. हळवे भात कापणीला आलेले असते, उतारावरच्या वरकस जमिनीत वरई पिकून वाकलेली असते, पाठोपाठ नागलीची कणसे भरतात, मग गरवे भात पिवळे होते. वर्षातून पाखरांची सर्वांत मोठी झुंबड उडते ती याच दीड-दोन महिन्यांत. शाळेच्या फेरीत ज्या मुली दिसत नाहीत त्यातल्या कितीतरी तेव्हा शेतावर असतात. पाखरे राखायला.

वर्तमानपत्रांत या विषयावर काही छापून आले की मथळा ठरलेला असतो: शेतकरी विरुद्ध पक्षी. एका बाजूला पक्षीप्रेमी, दुसऱ्या बाजूला शेतकरी, मधे वनखाते. मग कोणी तज्ज्ञ समतोल साधायला सांगतात. या चित्रातला शेतकरी पुरुष असतो, त्याच्या नावावर सात-बारा असतो आणि त्याचे नुकसान क्विंटलात मोजता येते. मी जव्हार-मोखाड्यात काम करताना जे पाहते ते निराळे आहे. पीक आणि पाखरू यांच्यातला समतोल इथे रोज साधला जातोच आहे. तो बायका आणि मुली साधतात, सूर्य उगवायच्या आत शेतावर पोचून, दिवसभर ओरडून, घसा बसवून घेऊन. त्याची मजुरी कोणी देत नाही आणि तो कोणत्याही कागदावर येत नाही. समतोलाची चर्चा करायची असेल तर आधी या श्रमाचा हिशेब मांडायला हवा, एवढे माझे म्हणणे आहे.

ज्या मैत्रिणींनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. २०१४मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, त्यात हे दोन डोंगरी तालुके आले. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशी वस्ती. चार महिने धो धो पाऊस. सखल भागात बांध घालून केलेली भाताची खाचरे, चढावर नागली, वरई, उडीद, खुरासणी. दुसरे पीक फारसे नाही, कारण पाऊस सरला की पाणीही सरते. (पाणी जाते कुठे हे मुंबईकर मैत्रिणींना ठाऊक असेल. मोखाडा-शहापूरच्या सीमेवरचे मध्य वैतरणा धरण २०१४मध्ये पूर्ण झाले ते मुंबईला दिवसाला ४५ कोटी लिटरहून अधिक पाणी देण्यासाठी. मोखाड्यातल्या बायका एप्रिल-मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरतात.) दिवाळी झाली की निम्मा पाडा ‘जगायला’ जातो, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. इथे स्थलांतराला असाच शब्द आहे, जगायला जाणे. तेव्हा खाचरातले भात आणि वरकसावरची नागली हे विकायचे पीक क्वचितच असते. ते घरातले धान्य असते. पाखराने खाल्लेले कणीस बाजारातून कमी होत नाही, भाकरीतून कमी होते. आणि भाकरी कमी पडली की घरात शेवटी कोण जेवते, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

आता राखणीकडे येऊ. पोपटांचे थवे वरईवर आणि भातावर उतरतात. सुगरणी, मुनिया यांच्यासारखी लहान पाखरे ओंबीतले दाणे सोलून खातात. रानाच्या कडेला मोर असतो, तो पेरलेले दाणे उकरतो, कोवळी रोपे खुडतो, पुढे कणसेही ओरबाडतो. पाखरांच्या खाण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत: उजाडल्यावरचे दोन-तीन तास आणि दुपार कलल्यापासून दिवस मावळेपर्यंत. भर दुपारी ती सावलीला बसतात. म्हणजे पाणी भरायची, चूल पेटवायची, पोराला पाजायची जी वेळ, तीच राखणीची वेळ. मग घरात वाटणी अशी होते की आई आधी पहाटे उठून भाकऱ्या करून ठेवते, मुलगी शेतावर पुढे जाते, आई मागून पाणी ठेवून पोचते. दुपारी मुलगी धाकट्याला सांभाळते, त्याला झाडाला बांधलेल्या झोळीत निजवते. घरात म्हातारी असली तर तीही येते. हातात गोफण, पत्र्याचा डबा, काठी. आणि सगळ्यात मोठे हत्यार म्हणजे गळा.

रात्रीची राखण वेगळी. रात्री रानडुक्कर येते. रानडुकरासाठी माळा बांधतात, शेकोटी करतात, बॅटरी लागते, कुत्रे लागते. ती राखण पुरुष करतात. ते काम धोक्याचे आहे यात शंका नाही, आणि पाड्यात सगळे तसे मानतातही. रात्री माळ्यावर जागलेला माणूस सकाळी घरी येऊन झोपला तर त्याला कोणी उठवत नाही. दिवसभर पाखरे राखून आलेली बाई मात्र आल्या आल्या चुलीपुढे बसते. कारण ती दिवसभर काय करत होती, तर ‘शेतावर बसली होती’. आपल्या भाषेने इथे मोठाच घोटाळा करून ठेवला आहे. पुरुष रात्र जागतो, बाई राखणीला बसते. बसणे हे काम कसे असेल!

मुद्दा फक्त शब्दांचा असता तर मी एवढा कागद खर्च केला नसता. रात्रीच्या जनावराचा पंचनामा होतो, दिवसाच्या पाखरांचा होत नाही. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीक नुकसानीच्या भरपाईसाठी राज्य शासनाने २०१५मध्ये जो निर्णय काढला त्यात रानडुक्कर, हरणे, रोही, माकड, गवा, हत्ती यांची नावे आहेत. पाखराचे नाव त्या यादीत नाही, राष्ट्रीय पक्ष्याचेही नाही. यादी करणाऱ्यांनी मुद्दाम बायकांचे काम वगळले असे मी म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे ऊस, केळी, सोयाबीन आणि एका रात्रीत आडवे झालेले शेत होते. पाखराचे नुकसान रोज ओंजळभर होते, दीड महिना होत राहते, आणि ते आणखी का झाले नाही याचे कारण शेतात बसलेली बाई असते. नुकसान तिने थांबवलेले असते म्हणून दिसत नाही. दिसत नाही म्हणून मोजले जात नाही.

यादीत नाव असते तरी काय झाले असते? भरपाईसाठी नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत तक्रार द्यावी लागते. तक्रार द्यायची तर वनपरिक्षेत्राच्या कार्यालयापर्यंत जायचे, एसटी मिळाली तर. त्या दिवशी शेत उघडे टाकायचे. अर्जाबरोबर सात-बारा जोडायचा. सात-बारावर नवऱ्याचे नाव, सासऱ्याचे नाव, कधी मेलेल्या आजेसासऱ्याचे. नवरा जगायला गेलेला असेल किंवा दुसरी करून राहिला असेल, तर राबणारी बाई अर्जदार ठरत नाही. त्याहून मोठी अडचण वनजमिनीची आहे. वनजमिनीवर अतिक्रमण करून केलेल्या शेतीला ही भरपाई नाही, असे त्याच निर्णयात म्हटले आहे. इथली कितीतरी वरकस जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसलेली, पण कागदावर वनखात्याची. वनहक्क कायदा २००६ साली आला. १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून कसत असलेल्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क देण्याची त्यात तरतूद आहे. दावे दाखल झाले, काही मंजूर झाले, काही कसत्या जमिनीहून कमी क्षेत्राचे मंजूर झाले, काही फेटाळले गेले. जिथे दावा अडकला तिथे बाई कायद्याच्या नजरेत अतिक्रमणवाली, आणि तिच्या शेतात शिरलेला मोर मात्र पहिल्या अनुसूचीतला!

याच कायद्याच्या कलम ४(४)मध्ये एक चांगली गोष्ट आहे आणि आपण ती पुरेशी वापरलेली नाही. विवाहित जोडप्याला हक्क द्यायचा तो दोघांच्या नावाने, आणि कुटुंबप्रमुख एकटी व्यक्ती असेल तर तिच्या एकटीच्या नावाने. शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली तेव्हा नवऱ्यांनी मनाने जमीन बायकोच्या नावे करावी असे आवाहन होते. इथे आवाहनाची गरज नाही, कायदाच आहे. ज्या घरांत वनहक्काच्या प्रमाणपत्रावर तिचे नाव आहे तिथे रानडुकराच्या भरपाईसाठी तरी तिने स्वतःच्या सहीने अर्ज द्यावा, नवरा परत येण्याची वाट पाहू नये. हे आपण गटाच्या बैठकांत पुन्हा पुन्हा सांगायला हवे.

पाखरांचे नुकसान सगळ्यांचे सारखे होत नाही, हे मला कळायला काही हंगाम जावे लागले. सगळ्या पाड्याचे पीक एकदम पिकले तर थवे वाटले जातात, प्रत्येकीच्या वाट्याला थोडे थोडे नुकसान येते. ज्याचे शेत सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांच्या मागून पिकते त्याच्यावर सगळा थवा उतरतो. मागून कोणाचे पिकते? जिची आवणी मागून झाली तिचे. आणि आवणी मागून कोणाची होते? जिच्याकडे बैल नाहीत तिची. विधवेची, टाकलेल्या बाईची. ती आधी दुसऱ्यांच्या खाचरात मजुरीला जाते, त्या बदल्यात नांगर मागून आणते, आणि तिची रोपे राबातून उपटली जातात तेव्हा बाकीच्यांची हिरवी झालेली असतात. नोव्हेंबरात सगळा शिवार मोकळा होतो, भारे खळ्यावर जातात, आणि तिचे एकटीचे शेत उभे असते. मुलगी शाळेत पाठवावी की शेतावर, हा प्रश्न तिच्या घरात तेव्हा चर्चेला येतच नाही. बैलांच्या मालकीपासून शाळेच्या हजेरीपटापर्यंतचा हा धागा कुठल्या पक्षीगणनेत सापडणार?

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. २०१६मध्ये मोखाड्याचे नाव पुन्हा तसेच वर्तमानपत्रांत आले. मधल्या काळात अनेक योजना आल्या. त्यातली २०१५ साली सुरू झालेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना मला मनापासून चांगली वाटते, कारण आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण, शिजवलेले जेवण मिळावे असा तिचा हेतू आहे. पण अंगणवाडी पाड्यात असते, वरकस डोंगरावर. राखणीच्या दिवसांत सहाव्या-सातव्या महिन्यातली बाई, किंवा तीन महिन्यांचे पोर झोळीत असलेली बाई, दुपारी डोंगर उतरून जेवायला येणार आणि थवा परतायच्या आत पुन्हा चढून जाणार? काही येतात. पुष्कळ येत नाहीत, डबा सासू किंवा लेक घेऊन जाते आणि तो वाटेत किती जणांत वाटला जातो हे विचारू नये. महिन्याच्या अहवालात तिचे नाव ‘लाभार्थी’ म्हणून असतेच. पीक राखणे आणि पोटातले पोर राखणे यांतून एक निवडायला लावणारी ही व्यवस्था आहे, आणि नागली राखली नाही तर पुढचे सहा महिने तिला काय खायला मिळणार? २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. नागलीत कॅल्शियम किती हे शहरातल्या बायकांना पाठ झाले. ती नागली पाखरांच्या तोंडून कोणी सोडवली हे त्या बिस्किटांच्या पुड्यांवर लिहिलेले नसते.

इथे कोणी विचारील की मग पाखरे मारायची का? नाही. माझी भूमिका स्पष्ट असावी म्हणून सांगते. विष घातलेले दाणे टाकण्याला, फासांना, अंडी फोडण्याला माझा विरोध आहे, आणि तो नुसता कायद्याच्या भीतीने नाही. विषाने मेलेले पाखरू पाण्यात पडते, ते पाणी गुरे पितात, मेलेले लावे पोरे भाजून खातात. पिल्लांना भरवायच्या दिवसांत सुगरण किडे पकडते, हे आपल्या बायकांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. खाचरात बगळा उतरला तर त्याला इथे कोणी हाकलत नाही. वारल्यांच्या घरातला हिरवा देव मोरपिसांच्या जुडीत असतो आणि धान्याची देवी कणसरी हिच्या नावाने नवे धान्य चाखले जाते. हे लोक पाखरांचे वैरी कधीच नव्हते.

कायद्याबद्दल आपल्याच कार्यकर्त्यांत एक गैरसमज आहे, तोही दूर करू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. २०२२मध्ये त्यात दुरुस्ती झाली, अनुसूची नव्याने लावल्या गेल्या आणि १ एप्रिल २०२३पासून त्या लागू आहेत. मोर पहिल्या अनुसूचीत आहे, पोपट दुसऱ्या. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. पण शिकार म्हणजे मारणे, जखमी करणे, पकडणे, विष घालणे, फास लावणे, अंडी-घरटी नासवणे, किंवा यांपैकी कशासाठी तरी प्राण्याला हाकणे. पीक वाचवण्यासाठी डबा वाजवणे, ओरडणे, बुजगावणे उभे करणे, चकाकत्या फिती बांधणे हा गुन्हा नाही. कोणी गणवेशातला माणूस त्यावरून बाईला धमकावत असेल तर तिने घाबरू नये आणि आपण तिच्या बाजूने उभे राहावे. बंदी असलेल्या गोष्टी आणि चालणाऱ्या गोष्टी यांची एक साधी चित्रपट्टी करून पाड्यावर लावली तरी पुष्कळ काम होईल.

पाणथळ जागा आणि पक्षी यांच्या चर्चेत आपण बहुधा नाशिकजवळचे नांदूर मध्यमेश्वर ऐकतो. २०२०मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. भाताचे खाचर मात्र या चर्चेत विचित्र जागी उभे आहे. रामसर कराराच्या सदस्य देशांनी २००८मध्ये भातशेती ही पाणथळ जागा असल्याचे मान्य करणारा ठराव केला. आपल्याकडच्या २०१७च्या पाणथळ जागांच्या नियमांनी मात्र भाताची शेते व्याख्येतून वगळली. शेतकऱ्यावर निर्बंध येऊ नयेत म्हणून हे ठीकच झाले असे मला वाटते. पण त्याचा दुसरा अर्थ असा की खाचरात उतरणाऱ्या पाखराची जबाबदारी शासनाची, खाचर सांभाळणाऱ्या बाईची जबाबदारी कोणाचीच नाही.

पक्षी आणि भात यांचा सर्वांत अवघड पेच आपल्या राज्यात गोंदिया-भंडाऱ्याकडे आहे. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांतला सर्वांत उंच पक्षी, माणसाएवढा. तो तिथल्या धानाच्या बांध्यांमध्ये घरटे करतो. जोडी उभ्या धानातली रोपे उपटून, गवत गोळा करून भलामोठा ढीग रचते, त्यावर एखाद-दोन अंडी घालते आणि महिनाभर उबवते. महाराष्ट्रात आता पन्नाससुद्धा सारस उरलेले नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये स्वतःहून याची दखल घेतली, त्यानंतर जिल्हा पातळीवर समित्या नेमल्या गेल्या. स्थानिक संस्थांनी गावोगाव सारसमित्र तयार केले, शेतकऱ्यांची समजूत काढली, आणि जे सारस वाचले ते या लोकांमुळे. हे काम मोलाचे आहे. माझा प्रश्न एवढाच की धानाच्या चिखलात कमरेतून वाकून रोवणी कोण करते, निंदणाला कोण उतरते? घरटे सर्वांत आधी दिसते ते तिला. शेतमालक बांधावर असतो. घरट्यापायी सोडलेल्या धानाचा मोबदला, सत्कार, शाल-श्रीफळ यांची जेव्हा वेळ येते तेव्हा मात्र खातेदार पुढे होतो. सारस वाचवण्याच्या योजनेत रोवणीच्या टोळ्यांतल्या बायकांना आधी विचारले असते तर योजना निराळी झाली असती असे मला वाटते.

उलट टोकाचा अनुभव सोलापूरचा. माळढोकसाठी १९७९मध्ये सोलापूर-अहमदनगर (आता अहिल्यानगर) भागात साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या जवळपास अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे आली, शेते आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. लोक वर्षानुवर्षे चिडून राहिले, पुढे क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणावे लागले, आणि माळढोक तरीही जवळजवळ संपला. लोकांना न विचारता नकाशावर रेघ ओढली की काय होते याचे दुसरे उदाहरण शोधायला नको.

मग बायकांनाच सगळे सोपवावे का? पर्यावरणवाल्या मंडळींकडून हे हल्ली वारंवार ऐकू येते: स्त्री निसर्गाच्या जवळ असते, ती जात्याच संरक्षक असते. बीना अगरवाल यांनी १९९२मध्येच या मांडणीला हरकत घेतली होती. त्यांचे म्हणणे असे की ग्रामीण बाईचे निसर्गाशी नाते तिच्या स्वभावातून नाही, तर ती काय काम करते, तिच्याकडे जमीन आहे की नाही, यातून ठरते. जव्हारात राहून मला हे पदोपदी पटते. पोपटाचा थवा उतरला की बाईच्या मनात वात्सल्य दाटून येत नाही! आसाममध्ये गुवाहाटीजवळच्या गावांत हरगिला या करकोच्याच्या जातीच्या पक्ष्यासाठी पूर्णिमा देवी बर्मन यांनी बायकांची मोठी फळी उभी केली. २०२२मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा मोठा पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्या कामात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हातमागाचा भाग. पक्ष्याचे चित्र विणलेल्या कापडातून बायकांच्या हातात पैसा आला. आपल्याकडे मात्र प्रस्ताव येतो तो ‘महिला पक्षीमित्र’ नेमण्याचा, बिनपगारी, ओळखपत्र आणि टोपीसह. आधीच फुकट राबणाऱ्या बाईच्या डोक्यावर आणखी एक टोपी.

दिवसाची राखण हे काम आहे आणि त्याला मजुरी हवी, ही माझी पहिली मागणी. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला हजारो बायका उतरल्या, त्यातून महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७मध्ये झाला. खडी फोडणे काम आहे आणि सरकारने संरक्षित ठरवलेल्या पाखरांपासून जीव न घेता पीक वाचवणे हे काम नाही, याला काय तर्क आहे? ग्रामसभेने पाड्यागणिक राखणदार बायका नेमाव्यात, आळीपाळीने, सगळ्या शिवारासाठी. एकेका शेतात एकेक बाई अडकण्याऐवजी सात-आठ जणींत पूर्ण उतार राखता येतो, बाकीच्यांना घर, अंगणवाडी आणि विसावा मिळतो, मुलींना शाळा मिळते. गुरांना गावाने गुराखी ठेवायची पद्धत होतीच की. मागून आवणी होणाऱ्या एकट्या बाईचे शेतही मग उघडे पडणार नाही. राखणीच्या दिवसांत अमृत आहार वरकसावर पोचवायचा, हे तर आजच्या आज करण्याजोगे आहे. मात्र ते ओझे पुन्हा मानधनावरच्या अंगणवाडी मदतनिसाच्या डोक्यावर जादा मोबदल्याशिवाय टाकू नये, नाहीतर एका बाईचे ओझे दुसरीला दिल्यासारखे होईल.

बियाण्याचेही बोलायला हवे. कुसळ असलेल्या जुन्या भातांवर पाखरे कमी बसतात, कुसळ त्यांना टोचते. अशी वाणे म्हाताऱ्या बायकांनी कणग्यांच्या तळाशी जपलेली होती. दुकानातले बियाणे आले तशी ती मागे पडत गेली. उत्पन्न कमी म्हणून सोडली हे खरेच आहे, पण राखणीचे दिवस त्या हिशेबात कोणी धरले नव्हते, कारण ते बाईचे दिवस होते. कृषी खात्याच्या शेतीशाळांत हा प्रश्न विचारून पाहा.

या सगळ्यावर आमच्या गटांत एकमत आहे असे नाही. काही जणींना राखणीचे दिवस आवडतात. चक्क आवडतात! सासूच्या नजरेपासून लांब, शेजारच्या शेतातल्या मैत्रिणीशी ओरडून बोलता येते, नव्या लग्न झालेल्या पोरींना तेवढाच मोकळा श्वास. मजुरी आली की पुरुष राखणीवर हक्क सांगतील आणि आम्हाला पुन्हा चुलीशी पाठवतील, अशी शंका एकीने बैठकीत बोलून दाखवली, ती मला खोडून काढता आली नाही. रोजगार हमीच्या कामांवर असे झालेले आपण पाहिले आहे. म्हणून राखणदार बायकाच असाव्यात असे ठरावात लिहावे की नाही, यावर चर्चा चालू आहे. तसे लिहिले तर राखण हे कायमचे बायकांचेच काम होऊन बसते ही दुसऱ्या काही जणींची अडचण, आणि तीही रास्त आहे.

दरम्यान येत्या हंगामात काही पाड्यांवर एक साधी वही ठेवायची असे ठरते आहे. तारीख, कोण राखणीला होते, वय काय, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणते पाखरू आले, घरचे कोणते काम राहिले, शाळा बुडाली का, अंगणवाडीचे जेवण मिळाले का, एवढेच रकाने. खातेदाराचे नाव हा रकाना त्यात नाही. केंद्र सरकारने २०१९मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली तेव्हा घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २९९ मिनिटे बिनमोबदला घरकाम करतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले होते. ‘शेतावर बसले होते’ असे सांगणाऱ्या बाईची मिनिटे अशा पाहणीत कुठल्या रकान्यात पडतात याची मला चिंता वाटते. आमची वही लहान आहे, पण मिनिटे तिच्यात नीट लिहिली जातील. लिहिता येणाऱ्या मुली राखणीवर असतातच, त्यांनीच ती भरायची आहे. विक्रमगड, वाडा, डहाणू किंवा त्र्यंबक-पेठकडच्या गटांना अशी वही ठेवायची असेल तर रकान्यांचा नमुना पाठवता येईल. वरई आधी पिकते, त्यामुळे नोंदी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून सुरू कराव्या लागतील.